हात कमजोर असेल तर क्रॉसबो कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑन्टारियो, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींमध्येही नेमबाजीची आणि हरणाच्या शिकारीची आवड असलेले लोक आहेत. त्यांच्यापैकी काहींचा एक हात किंवा खांदा नीट साथ देत नाही. कुणाला फ्रोझन शोल्डर, कुणाची रोटेटर कफची शस्त्रक्रिया झालेली, कुणाला अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेलेला, कुणाला लहानपणीचा पोलिओ, कुणाच्या बोटांत संधिवात. क्लबात नवीन लोकांना क्रॉसबो (दस्त्यावर आडवं बसवलेलं, ट्रिगरने सुटणारं धनुष्य) हाताळायला शिकवताना ही मंडळी जे विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. माझं ठाम मत आधीच सांगतो: क्रॉसबो वेगाच्या आकड्यावरून निवडू नका. तो कॉक कसा होतो, डीकॉक कसा होतो आणि त्याचं वजन कशावर टेकतं, एवढ्या तीन गोष्टींवरून निवडा.

क्रॉसबोला हाताची ताकद लागते तरी कुठे? तो तर बंदुकीसारखाच धरतात ना?

नेम धरताना दोरी ओढून धरावी लागत नाही, हे खरं. साध्या धनुष्यात दोरीचा ताण नेम लागेपर्यंत तुमच्या खांद्यावर असतो, क्रॉसबोत तो ट्रिगरमागची खाच सांभाळते. म्हणूनच खांदा गेलेल्या माणसाला क्रॉसबो सुचवतात. पण ताकद चार ठिकाणी लागतेच. दोरी मागे ओढून खाचेत अडकवताना, म्हणजे कॉक करताना. बाण न सोडता दोरी परत पुढे आणताना, म्हणजे डीकॉक करताना. तीन ते चार किलोचं यंत्र समोर धरून ठेवताना. आणि शेवटी टार्गेटमध्ये रुतलेला बाण उपटताना. दुकानदार पहिल्या गोष्टीबद्दल भरपूर बोलतो, बाकीच्या तिन्ही घरी गेल्यावर कळतात.

खोक्यावर ‘ड्रॉ वेट 175 पौंड’ लिहिलंय. हे मला कसं झेपणार?

नुसत्या हातांनी झेपणार नाही, आणि तसं करायचंही नाही. ड्रॉ वेट म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, आणि 175 पौंड म्हणजे जवळजवळ 80 किलो. निरोगी माणसालाही हे वजन दोन्ही बाजूंनी सारखं ओढणं अवघड जातं.

यासाठी दोन साधनं आहेत. पहिलं रोप कॉकर. ही एक दोरी असते, तिला दोन हुक आणि दोन मुठी असतात, आणि ती दस्त्याच्या मागच्या खोबणीतून फिरवतात. कप्पीच्या तत्त्वाने जोर निम्मा होतो. 175 पौंडांचे साधारण 88 उरतात, दोन हातांत वाटले तर प्रत्येकी 44. दुसरं क्रँक. दस्त्याच्या मागच्या बाजूला गिअरची पेटी असते, तिच्यातल्या पट्ट्याचे हुक दोरीला अडकवायचे आणि हँडल फिरवत राहायचं. मॉडेलनुसार हँडलवर 5 ते 20 पौंड एवढाच जोर लागतो. वेळ अर्ध्या मिनिटापासून मिनिटभर.

हात कमजोर असेल तर क्रँक घ्या. यात दोन मतं असू शकतात हे मला माहीत आहे, आणि रोप कॉकरचे चाहते भरपूर आहेत. तो हलका, स्वस्त, आवाज न करणारा. पण प्रश्न तुमच्या हाताचा आहे.

डॉक्टर म्हणतात 20 किलोपर्यंत उचलायला हरकत नाही. मग रोप कॉकरने भागणार नाही का?

हिशेबाने भागतं, व्यवहारात अडचण येते. रोप कॉकर वापरताना पाय पुढच्या रिकिबीत घालून वाकायचं आणि विहिरीतून बादली काढावी तशी मूठ सरळ वर आणायची. शेवटच्या दोन-तीन इंचांत कोपर मागे आणि खांदा वर जातो. फ्रोझन शोल्डरवाल्याची कळ नेमकी तिथेच निघते. मध्येच जोर संपला तर दोरी हातात, ताण पूर्ण, आणि धड पुढेही नाही, मागेही नाही अशी अवस्था होते.

दुसरी अडचण अचूकतेची आहे. एक हात दुबळा असला की दोन्ही मुठी सारख्या येत नाहीत आणि दोरी खाचेत किंचित एका बाजूला सरकून बसते. मग बाण त्या मानाने डावीकडे किंवा उजवीकडे जातो. लोक स्कोपला दोष देतात, स्कोप फिरवत बसतात, आणि पुढच्या वेळी दोरी वेगळी बसली की सगळं पुन्हा बिघडतं. यावर जुना आणि चांगला उपाय आहे. क्रॉसबो कॉक केलेला नसताना, दोरी रेलच्या (बाण ज्या लांब पट्टीवर ठेवतात तिच्या) दोन्ही कडांना जिथे टेकते तिथे पांढऱ्या किंवा काळ्या मार्करने बारीक खुणा करा. कॉक केल्यावर दोन्ही खुणा रेलच्या कडांपासून सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. क्रँक दोन्ही हुक एकाच पट्ट्याने ओढतो, त्यामुळे हुक नीट लावले तर खुणा दर वेळी जागेवर येतात. कमजोर हाताच्या नेमबाजाला क्रँकचा हा फायदा ताकद वाचण्याइतकाच मोठा वाटतो.

क्रँक घेताना काय बघायचं?

आधी हँडल कुठल्या बाजूला आहे ते बघा. बऱ्याच मॉडेलांत ते उजवीकडेच लागतं. तुमचा उजवा हात दुबळा असेल तर डाव्या हाताने पलीकडून फिरवावं लागेल. काहींना ते जमतं, काहींना कंबर वाकडी करावी लागते. दुकानातच करून बघा, माहितीपत्रकातलं चित्र बघून ठरवू नका.

मग बघा क्रँक क्रॉसबोतच बसवलेला आहे की वेगळा लावायचा. ऑन्टारियोतल्या किचनरच्या एक्सकॅलिबर कंपनीचे क्रँक दस्त्याला लावून काढून ठेवता येतात. ओहायोतली टेनपॉइंट आणि विस्कॉन्सिनमधली रॅविन यांच्या बऱ्याच मॉडेलांत क्रँक आतच असतो, फक्त हँडल लावायचं. वेगळा क्रँक लावता-काढताना एका हाताने क्रॉसबो धरून दुसऱ्याने खटपट करावी लागते. ज्यांचा एक हात फक्त आधारापुरता आहे, त्यांनी आतला क्रँकच बघावा, जरी पैसे जास्त गेले तरी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. क्रँक फिरवता फिरवता हात सोडला तर काय होतं? चांगल्या यंत्रणेत ते जागच्या जागी थांबतं. टेनपॉइंटच्या ॲक्युस्लाइडमध्ये हँडल कुठेही सोडलं तरी पट्टा धरून राहतो, कॉक करतानाही आणि डीकॉक करतानाही. जुन्या क्रँकांत कॉक करताना ‘कटकट’ करत दात अडतात, पण डीकॉक करताना खिट्टी उघडलेली असते. तेव्हा हँडल हातातून निसटलं की ते पंख्यासारखं गरगरतं आणि बोटं मोडू शकतात. दुबळ्या मुठीला हा धोका अजिबात परवडणारा नाही. दुकानदाराला थेट विचारा: ‘डीकॉक करताना मी हँडल सोडलं तर?’ त्याने करून दाखवलं पाहिजे.

मनगटात संधिवात असेल तर उलटा विचार करावा लागतो. गोल फिरवण्याची हालचालच दुखरी असते, मग जोर कितीही कमी असो. अशांसाठी लांब हँडल आणि जाड मूठ बरी. रॅविनच्या आर500ई सारख्या मॉडेलात मोटरने कॉक होण्याची सोय आहे, पण किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. शिवाय बॅटरी जंगलात थंडीने लवकर उतरते, हेही लक्षात असू द्या.

दिवसभर बसलो, बाण सोडलाच नाही. आता क्रॉसबो रिकामा कसा करायचा?

हा प्रश्न खरेदीच्या आधी फार कमी लोक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉक केलेल्या क्रॉसबोचा ट्रिगर बाण न लावता ओढायचा नाही. सगळी ऊर्जा लिम्ब (धनुष्याच्या दोन लवचिक भुजा) आणि दोरीतच फुटते, लिम्ब तडकतात, दोरी तुटते, तुकडे तोंडावर येऊ शकतात. हल्लीच्या बहुतेक क्रॉसबोंत बाण नसताना ट्रिगर अडवणारी यंत्रणा असते, तरी तिच्यावर विसंबू नका. त्यामुळे रिकामा करायचे दोन मार्ग उरतात. एक, बोथट टोकाचा जाड ‘डिस्चार्ज बोल्ट’ (क्रॉसबोच्या आखूड बाणाला बोल्ट म्हणतात) लावून तो मऊ टार्गेटमध्ये किंवा मऊ जमिनीत सोडायचा. दोन, क्रँकने दोरी हळूहळू पुढे सोडायची, पण फक्त ज्या मॉडेलाच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे त्याच मॉडेलात.

रोप कॉकरने डीकॉक करायला सांगणारे व्हिडिओ दिसतील. धट्ट्याकट्ट्या माणसालाही ते न करण्याचा सल्ला बहुतेक कंपन्या देतात. तुम्ही तर त्या वाटेला जाऊच नका. कॉक करताना तुम्ही ताणाविरुद्ध जाता. डीकॉक करताना ताणच तुम्हाला ओढत असतो, आणि दुबळा हात आधी सुटतो.

माझा सल्ला: क्रँकने डीकॉक होणारं मॉडेल जमत असेल तर तेच घ्या, आणि तरीही गाडीत एक डिस्चार्ज बोल्ट आणि छोटं टार्गेट ठेवा. रात्रभर क्रॉसबो कॉक करून ठेवू नका.

रिकर्व्ह घेऊ की कम्पाउंड?

रिकर्व्ह क्रॉसबोत कप्प्या नाहीत, केबल नाहीत. दोरी घरच्या घरी, एका साध्या जादा दोरीच्या मदतीने बदलता येते. वजनालाही तो बरेचदा हलका. पण कप्प्या नसल्याने तेवढ्याच ताणात कमी ऊर्जा साठते, त्यामुळे तेवढाच वेग मिळवायला ड्रॉ वेट जास्त ठेवावं लागतं, 200 पौंडांच्या पुढे सहज. कम्पाउंडला कॅम, म्हणजे लिम्बच्या टोकांवरच्या कप्प्या असतात, 150 ते 190 पौंडांत काम होतं, आणि कॉक केल्यावर तो अरुंद होतो. त्याची दोरी बदलायला मात्र लिम्ब दाबून धरणारा प्रेस लागतो, म्हणजे दुकानात जाणं आलं.

क्रँक असेल तर ड्रॉ वेटची भीती मनातून काढून टाका, कारण गिअर ती वाटून घेतो. मग निर्णय वजनावर आणि रुंदीवर येतो. तंबूसारख्या ग्राउंड ब्लाइंडमध्ये बसणार असाल तर अरुंद कम्पाउंड सोयीचा. रुंद रिकर्व्हचं टोक सुटताना ब्लाइंडच्या कापडाला किंवा काठीला लागलं तर बाण कुठेही जातो. गावापासून लांब राहत असाल, दुरुस्तीचं दुकान दोन तासांवर असेल, तर रिकर्व्हचा साधेपणा मोलाचा.

वजन किती असावं? माझा पुढचा हात, म्हणजे आधाराचा हात कमजोर आहे.

नुसता क्रॉसबो साडेसहा ते आठ पौंडांचा असतो. स्कोप, भाता, बाण चढवले की दहाच्या घरात जातो. पण काट्यावर दिसणारा आकडा पूर्ण गोष्ट सांगत नाही. वजन पुढे आहे की मागे, हे जास्त महत्त्वाचं. साध्या रचनेत लिम्ब आणि ते ज्याला जोडलेले असतात तो रायझर सगळ्यात पुढे असतात, म्हणून सात पौंडांचा क्रॉसबोसुद्धा नाकाने खाली झुकतो. रिव्हर्स ड्रॉ प्रकारात लिम्ब उलटे बसवलेले असतात आणि वजन शरीराकडे सरकतं. तेच सात पौंड खांद्यावर टेकवून धरायला कितीतरी सोपे वाटतात. दुकानात दोन्ही प्रकार एकामागून एक धरून बघा, फरक लगेच कळेल.

तरीही हाताने पेलून नेम धरायचाच कशाला? तिवई घ्या. वर पकडणारा चिमटा असलेली तिवई असेल तर क्रॉसबो तिच्यावर तोललेला राहतो आणि तुमच्या आधाराच्या हाताला फक्त दिशा द्यायची असते. एका पायाचा मोनोपॉड स्वस्त आहे, पण त्याला बाजूने तोलावं लागतं, म्हणून कमजोर हाताला तिवईच बरी. ब्लाइंडमध्ये खुर्चीवर बसून तिवई गुडघ्यांमध्ये ठेवली की तासन्‌तास थांबता येतं. नेम धरण्यापूर्वी काढता येणारा भाता काढून बाजूला ठेवा. चारशे ग्रेनचा एक बोल्ट 26 ग्रॅमचा असतो, म्हणजे बाणांचं वजन किरकोळ. पण भात्याचा सांगाडा पुढे लोंबत असतो, त्याने तोल बदलतो.

इथेच एक धोक्याची गोष्ट. आधाराचा हात थकला की मूठ नकळत वर सरकते आणि अंगठा रेलच्या वर येतो. दोरी सेकंदाला तीनशे फुटांहून जास्त वेगाने त्याच रेलवरून जाते. अंगठ्याचा पुढचा भाग गमावलेले लोक आहेत. थकणारा हात ज्याला आहे त्याने असाच क्रॉसबो घ्यावा, ज्याच्या पुढच्या मुठीला रेलखाली रुंद पंख किंवा कड आहे, म्हणजे अंगठा वर जाऊच शकत नाही. ब्लाइंडमध्ये माणूस तीन तास बसून गारठतो, हरीण दिसल्यावर घाई होते, आणि अंगठ्याचा विचार तेव्हा सुचत नाही. तो विचार खरेदीच्या वेळीच करून ठेवायचा.

माझा ट्रिगरचा हातच कमजोर आहे. मग?

बाजू बदला. क्रॉसबो बहुतेक दोन्ही बाजूंनी वापरता येतात. दस्त्याचा गालाचा भाग सरळ आहे का आणि सेफ्टीची कळ दोन्ही बाजूंनी दाबता येते का, एवढं पाहा. प्रश्न डोळ्याचा येतो. उजवा डोळा प्रबळ असताना डाव्या खांद्यावरून नेम धरणं सुरुवातीला विचित्र वाटतं. रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमयंत्र) लावून दोन्ही डोळे उघडे ठेवले तर बरीच मदत होते.

ट्रिगर ओढायला साधारण तीन ते चार पौंड जोर लागतो. पण ज्याच्या बोटात बधिरपणा आहे, त्याने ट्रिगर हलका करून घेऊ नये. बधिर बोटाला ट्रिगरला स्पर्श झाल्याचं कळत नाही. त्याच्यासाठी जरा जड ट्रिगर जास्त सुरक्षित.

वेग किती हवा? 400 एफपीएसवाला (सेकंदाला 400 फूट) घेतला तर जास्त चांगला ना?

नाही. वेग वाढतो तो ड्रॉ वेट वाढवून किंवा दोरी जास्त मागे ओढून, म्हणजे ज्या गोष्टी तुम्हाला नको आहेत त्याच वाढवून. हिशेब बघा. बाणाच्या वेगाचा वर्ग गुणिले बाणाचं ग्रेनमधलं वजन, भागिले 450240, म्हणजे ऊर्जा फूट-पौंडांत. 400 ग्रेनचा बाण 260 एफपीएसने गेला तर 60 फूट-पौंड. 300 ने गेला तर 80. व्हाइटटेल हरणासाठी 40च्या आसपास पुरेसे मानतात. म्हणजे मध्यम क्रॉसबोतही भरपूर शिल्लक राहते.

‘हरीण आवाजाने दचकतं, म्हणून वेग हवा’ असंही सांगतात. आवाज सेकंदाला अकराशे फुटांहून जास्त वेगाने जातो. 300 काय आणि 400 काय, आवाजच आधी पोहोचणार. याचं उत्तर वेगात नाही, अंतरात आहे. 30 यार्डांच्या आत या, आणि तिवईवरून शांतपणे सोडा.

बाण टार्गेटमधून निघत नाही. नवीन टार्गेट घेऊ का?

घ्या, आणि हा प्रश्न क्रॉसबो घेतानाच सोडवा. घट्ट फोमच्या ठोकळ्यात तीनशे एफपीएसचा कार्बन बोल्ट पिसांपर्यंत रुततो. आतल्या घर्षणाने फोम तापून थोडा वितळतो आणि काडीला चिकटतो. मग एक पाय टार्गेटला लावून दोन्ही हातांनी पिळत ओढावं लागतं. मी पाहिलंय, एका दुखऱ्या खांद्याच्या गृहस्थांनी क्रँकने सहज कॉक केलं, सुंदर गट मारला, आणि मग तीन बाण काढताना त्यांचा खांदा असा भरून आला की पुढचे दोन आठवडे आराम करावा लागला.

सरावाच्या साध्या टोकांसाठी चिंध्या भरलेलं बॅग टार्गेट वापरा. त्यातून बाण दोन बोटांनी निघतो. फक्त त्यात ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची धारदार पात्यांची टोकं मारू नका, ते अडकतात आणि कापड फाटतं. टार्गेटवर क्रॉसबोचा वेग झेलण्याची खात्री छापलेली आहे का ते बघा, साध्या धनुष्याच्या बॅगमधून बोल्ट आरपार जाईल. रबराचा पकडणारा पुलर सोबत ठेवा, आणि बाणाच्या पुढच्या वीतभर भागाला सिलिकॉनचं वंगण चोपडा. टार्गेट जमिनीवर नको, कंबरेच्या उंचीवर ठेवा. ओढताना हात शरीराजवळ राहतो.

स्वतःच कॉक होणारे छोटे क्रॉसबो मिळतात. ते चालतील का?

अंगणात सरावाला चालतील, पण आधी कायदा बघा. तरफ वाकवून कॉक करायचे पिस्तुलासारखे क्रॉसबो आणि बाणांची मॅगझिन असलेले स्टीमबो, ईके आर्चरी या कंपन्यांचे छोटे प्रकार हलके असतात. तरफेमुळे जोर कमी लागतो. मात्र कॅनडात एका हाताने रोखून सोडता येणारा क्रॉसबो आणि 500 मिलिमीटर किंवा त्याहून कमी लांबीचा क्रॉसबो, दोन्ही प्रतिबंधित शस्त्रं आहेत. अमेरिकेतल्या मित्राने दिलेलं खेळणं सीमेवरून घेऊन येऊ नका.

कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने कॉक होणारा पार्करचा क्रॉसबो जुन्या बाजारात अजून दिसतो. कल्पना फार छान होती, पण ती कंपनी बंद पडली आहे. सुटा भाग मिळाला नाही तर काय, याचा विचार करून घ्या.

खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा पेसमेकर आहे. कधी सुरू करू?

डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नाही. पण विचारताना नुसतं ‘नेमबाजी करू का’ असं विचारू नका, ते बंदूक समजतील. क्रँकचा आणि दस्ता खांद्याला लावण्याचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवा. पेसमेकर ज्या बाजूला आहे त्या खांद्याला दस्ता लावावा का, हा प्रश्न वेगळा विचारा. क्रॉसबोचा धक्का बंदुकीपेक्षा खूप कमी असतो, तरी दस्ता दाबला जातोच. त्याच बाजूला पेसमेकर असेल तर दुसऱ्या खांद्यावरून शिकून घेणं बरं.

एकच हात चालतो किंवा व्हीलचेअर वापरतो. जमेल?

जमतं. आतल्या क्रँकचा क्रॉसबो, चिमट्याची तिवई आणि कॉक करताना क्रॉसबो हलू न देणारा आधार, एवढं लागतं. व्हीलचेअरवाल्यांनी रिकीब पायाच्या फळीवर किंवा जमिनीवर नीट टेकते का ते बघावं. बोल्ट रेलवर ठेवून मागे खाचेपर्यंत पक्का सरकवणं हे काम एका हाताने होतं, पण तो दोरीला भिडला की नाही हे डोळ्याने खात्री करून घ्या. दोरी आणि बाणाच्या मागच्या टोकात फट राहिली तर दोरी बाणावरून निसटते. बाणाचा मागचा भाग चपटा, अर्धचंद्राकृती की पकड असलेला, हे पुस्तिकेत लिहिलं असेल तेच वापरा.

झाडावर चढायचं नाही. दोन्ही हात धडधाकट असलेले लोकही ट्री स्टँडवरून पडतात. ग्राउंड ब्लाइंड, आणि हरीण ओढायला स्लेज किंवा चाकाची गाडी, सोबत एक माणूस.

कायदा काय म्हणतो?

दर राज्याचा वेगळा, आणि दरवर्षी थोडा बदलतो. ओहायोत शिकारीच्या क्रॉसबोचं किमान ड्रॉ वेट 75 पौंड, पेनसिल्व्हेनियात 125. ओरेगॉनात क्रॉसबोने शिकारीला सर्वसाधारणपणे बंदी आहे. कोलोरॅडोसारख्या काही राज्यांत धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो चालत नाही, पण अपंगत्वाच्या आधारावर परवानगी मागता येते. तिथे डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून हंगामाच्या बऱ्याच आधी अर्ज करा. ऑन्टारियोत आउटडोअर्स कार्ड आणि हंटर एज्युकेशन हवंच. इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालच्यांना क्रॉसबो विकत घेता येत नाही आणि कुठल्याही धनुष्याने शिकार करणं बेकायदा आहे, फक्त टार्गेटवर सराव. चालू वर्षाची नियमावली स्वतः वाचा, क्लबातल्या कुणाच्या आठवणीवर जाऊ नका.

मला शिकार करायचीच नाही, फक्त नेमबाजी. मग कमी ताकदीचा मिळेल का?

मिळेल, आणि हा फार चांगला विचार आहे. क्रॉसबो नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएयू, 1956 साली जर्मनीतल्या लॅण्ड्सहूटला स्थापन झाली. तिच्या फील्ड प्रकारात 35, 50 आणि 65 मीटरवर नेमबाजी होते आणि ड्रॉ वेटची मर्यादाच 95 पौंड आहे. अचूक नेमाला प्रचंड ताकद लागत नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

मग कम्पाउंड धनुष्य का नको? साताऱ्याच्या मुली तर तेच वापरतात.

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी 2023 साली बर्लिनला कम्पाउंड प्रकारात जागतिक विजेतेपदं मिळवली, आणि महाराष्ट्रात त्यामुळे धनुर्विद्येकडे किती मुलं वळली ते आपण पाहतोच. कम्पाउंडमध्ये दोरी पूर्ण ओढल्यावर ताण बराच उतरतो. 60 पौंडांच्या धनुष्यात 80 टक्के उतार असेल तर हातात 12 पौंडच राहतात. पण तिथे पोहोचेपर्यंत पूर्ण 60 पौंड पार करावे लागतात, आणि खांदा फाटतो तो तिथेच. 30-35 पौंडांवर उतरवलेला कम्पाउंड फिजिओच्या संमतीने जमत असेल तर जरूर करा.

हात अजिबात नसतानाही धनुष्य चालवता येतं, हे जम्मूच्या शीतल देवीने दाखवलं. ती पायाने धनुष्य धरते. 2024च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत तिने मिश्र सांघिक कांस्यपदक जिंकलं. अमेरिकेचा एरिक बेनेट एकच हात असताना दातांनी दोरी ओढायचा. तुमच्या शहरात पॅरा आर्चरीचा प्रशिक्षक असेल तर क्रॉसबो घेण्याआधी एकदा त्याला भेटा. त्यांना शरीराच्या मर्यादांभोवती उपकरण बसवण्याची जी समज असते, ती दुकानात मिळत नाही.

किती खर्च येईल? जुना घेऊ का?

रोप कॉकरसह साधा क्रॉसबो 300 ते 500 डॉलर. क्रँकसह चांगला 700 पासून 1500. त्यापुढे आकाश मोकळं आहे. वेगळा क्रँक त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलाचा असेल तरच घ्या. जुना घेताना लिम्बवर बोट फिरवून बारीक चिरा तपासा, दोरीचे धागे फुललेत का बघा, आणि विकणाऱ्याला तुमच्यासमोर तीन बाण मारायला सांगा. तो टाळत असेल तर निघून या.

दुकानात नेमकं काय करून बघू?

खुर्ची मागा आणि बसा. बसूनच सलग पाच वेळा कॉक आणि डीकॉक करा, दुकानदाराची मदत न घेता. पहिल्या वेळेला सगळं सोपं वाटतं, चौथ्या-पाचव्याला खांदा खरं बोलतो. हिवाळ्याचे हातमोजे घालून एकदा करा, कारण नोव्हेंबरात तेच घालून करायचं आहे. मग क्रॉसबो तिवईवर ठेवून दोन मिनिटं स्कोपमधून बघत राहा, काटा किती हलतो ते पाहा. शेवटी तिथल्या टार्गेटमध्ये एक बाण मारा आणि तो स्वतः काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा किती दुखतो ते पाहून मगच पैसे द्या.

भारतातून आलेल्या बाबांना दाखवू शकतो का? परत जाताना एक घेऊन जाईन म्हणतात.

दाखवा, क्लबात सुरक्षिततेचे नियम सांगून तिवईवरून दोन-चार बाण मारायला द्या. बऱ्याच वडीलधाऱ्यांना ते फार आवडतं, कारण पहिल्याच दिवशी बाण मध्यावर लागतो. परत नेण्याचा विचार मात्र सोडून द्या. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीवर बंदी आहे, आणि विमानतळावर शस्त्र म्हणून अडवलं तर सुट्टीचे उरलेले दिवस कागदपत्रांत जातील. पुण्यात त्यांना नेमबाजीच करायची असेल तर जवळच्या धनुर्विद्या केंद्रात हलक्या रिकर्व्हवर, दहा मीटरवरून सुरुवात करता येते. तिथे खांद्याची तक्रार आधी सांगितली की प्रशिक्षक 14-16 पौंडांचं धनुष्य देतात.